जुगाड कुठपर्यंत?

'जुगाड' हा शब्द ऐकला की हल्ली मला जरा धडकीच भरते. आमच्या ऑफिसात तो शाबासकी म्हणूनही वापरतात आणि शिवी म्हणूनही. रात्री अकराला सर्व्हर पडला आणि कुणीतरी खटपट करून तो उभा केला, की सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "काय जुगाड केलास रे!" तीन महिन्यांनी तेच प्रकरण पुन्हा फुटलं की तेच साहेब विचारतात, "हा असला जुगाड कुणी करून ठेवलाय?" २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि तेव्हापासून तर आपल्या गल्लीतल्या या शब्दाला सूट-टाय घालून कॉन्फरन्समध्ये बसवलंय.

मग जुगाड चांगला की वाईट? गेल्या मे महिन्यापर्यंत माझं यावर काही ठाम मत नव्हतं. आता आहे. ते मला बोईसरला, मामाच्या अंगणात, टेम्पोखाली पाठीवर झोपून मिळालं. त्याचीच ही गोष्ट.

मामाकडे सेकंडहँड टाटा एस आहे. म्हणजे आपला छोटा हाथी. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि बघता बघता गावोगावच्या नाक्यांवर दिसायला लागली. पहिल्या मॉडेलचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, डिझेल. ताकद सोळा हॉर्सपॉवर. ते बसवलंय सीटच्या खाली. सीट उचलली की खाली इंजिन. मामा त्यात तारापूर एमआयडीसीतल्या एका युनिटचे खोके भरतो, कधी चिल्हार फाट्यावरून हायवेला लागून वसई-ठाण्याकडे जातो, तर कधी नुसताच पालघरला. गाडीचा हप्ता अजून चालू आहे. म्हणजे गाडी एक दिवस उभी राहिली तर फक्त त्या दिवसाची कमाई बुडत नाही, हप्त्याचं गणितही बिघडतं.

शनिवारी दुपारी मी लोकलने बोईसरला उतरलो, तर मामा तोंड पाडून बसलेला. इंजिनाखाली तेल दिसलं म्हणून त्याने पुढचं कव्हर उघडून बघितलं होतं. आतला टायमिंग बेल्ट तेलाने भिजलेला आणि दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडलेल्या. आधीच्या मालकाने तो शेवटचा कधी बदलला होता, देव जाणे. नेहमीचा मेकॅनिक लग्नाला गावी गेलेला, दुसऱ्याकडे बुधवारपर्यंत नंबर नाही. आणि सोमवारी सकाळी सहाला माल भरायचाच.

"मी बदलतो," मी म्हटलं. (हे वाक्य मी का बोललो, हे मला अजून कळलेलं नाही.)

आता थोडं तांत्रिक. कंटाळा करू नका, पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वर-खाली नेतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. बरोब्बर एक, थोडासुद्धा कमी-जास्त नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी पिस्टन वर यायच्या आत त्याला वाटेतून बाजूला व्हावं लागतं. हा ताळमेळ सांभाळतो टायमिंग बेल्ट. मोठ्या ट्रकमध्ये सहसा हे काम लोखंडी गिअर करतात; जड, आवाज करणारे, पण वर्षानुवर्षं टिकणारे. छोट्या इंजिनात त्याजागी बेल्ट आला, कारण तो हलका, स्वस्त आणि शांत. त्याला वंगण लागत नाही, उलट तेल म्हणजे त्याचा शत्रू. मारुती ८०० मध्येही बेल्टच होता. गंमत म्हणजे हा दातेरी पट्टा मुळात गाड्यांसाठी नव्हताच. १९४० च्या दशकात अमेरिकेत तो शिलाई मशीनसाठी निघाला, गाड्यांच्या इंजिनात पोचला १९६० च्या दशकात.

बेल्ट तुटला तर? कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र फिरत राहतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त म्हणून पिस्टनच्या वर जागा अगदी कमी, त्यामुळे पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोलावं लागतं, आणि खर्च बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट. हे सगळं भरल्या गाडीनिशी, मुंबई-अहमदाबाद हायवेवर, मागून कंटेनर येत असताना झालं तर पैशांचा हिशोब करायला माणूस शिल्लक राहायला हवा.

तर मंडळी, कामाला लागलो. मामेभाऊ आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करतोय. तो पालघरहून नवा बेल्ट, टेन्शनर आणि क्रँकचं ऑइल सील घेऊन आला. (तेल सीलमधूनच गळत होतं. नुसता बेल्ट बदलला असता तर नवाही तसाच भिजला असता.) बॅटरीची वायर काढली, सीट उचलली आणि लक्षात आलं, की हत्यारं जवळजवळ काहीच नाहीत. पान्यांचा एक सेट, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, एक जॅक. संपलं.

इथे शेजारचे आजोबा आले. ते अणुशक्ती केंद्रात मेंटेनन्सला होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कुंपणावरून आधी बराच वेळ बघत राहिले, मग चप्पल काढून आत आले. मामेभावाने जॅकशेजारी आधाराला सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आधी काढ. हे फुटतं तेव्हा सांगून फुटत नाही." मग स्वतःच्या घरामागून साग फाडून उरलेले दोन जाड लाकडी ठोकळे आणायला लावले. ते बसल्याशिवाय मला गाडीखाली जाऊ दिलं नाही.

त्यानंतर मात्र आजोबांनी जो जुगाड सुरू केला, तो बघून मी थक्क झालो.

क्रँक पुलीचा बोल्ट हलेना. गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, मामाला ब्रेक दाबून बसवलं, पान्याच्या दांडीत नळाचा जुना जीआय पाइप घातला आणि मी लोंबकळलो. कट्ट असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला. पुलर नव्हता. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्टीला भोकं पाडून आणली, त्यात बोल्ट घालून पुली ओढून काढली. नवं ऑइल सील सरळ ठोकायला त्याच गोलाईचा पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला. खुणा करायला मामीची लाल नेलपॉलिश. मामी म्हणाली, "नवीन बाटली आहे हो!" पण दिली.

सगळ्यात भारी प्रकार टॉर्कचा. पुलीचा बोल्ट किती घट्ट आवळायचा, याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. तो नव्हता. आजोबा म्हणाले, "ताणकाटा आहे का?" शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगात असायचा ना, हूक आणि स्प्रिंगवाला, तोच. मामीकडे मासळी-भाजी तोलायचा मोठा ताणकाटा होता. आजोबांचा हिशोब सोपा. समजा १० किलो-मीटर टॉर्क हवाय. बोल्टच्या मध्यापासून बरोबर अर्धा मीटर मोजून पाइपवर खूण करा, तिथे काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो आलं की अर्धा मीटर गुणिले २० म्हणजे १० किलो-मीटर. आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिला असेल तर आधी ९.८ ने भागा. झालं. आठवीचं गणित!

मी खुश होऊन ओढायला निघालो, तर त्यांनी हात धरला. "काटा खरं बोलतो कशावरून?" मग मामेभावाने दहा लिटर पाणी मोजून कॅनमध्ये भरलं, रिकाम्या कॅनचं वजन वेगळं केलं आणि काटा तपासला. मग तसेच वीस लिटरचे. काटा पाव किलोने जास्त दाखवत होता. तेवढं हिशोबात धरलं.

माझं मत बनलं ते इथे. वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल, की आजोबांनी हत्यार एकही धड वापरलं नाही. पाइप नळाचा, काटा मासळीचा, पुलर भंगारातला. पण माप एकही सोडलं नाही. उलट हत्यार जितकं गावठी, तितकी तपासणी कडक. आणि गाडीच्या आधाराला तर गावठीपणा चालवूनच घेतला नाही. ब्लॉक नको म्हणाले ते स्वस्त होते म्हणून नाही, ठोकळेही फुकटचेच होते. पण लाकूड दबताना करकरतं, वेळ देतं.

आपण हे सगळं एकाच पोत्यात घालतो आणि त्याला जुगाड म्हणतो. पाना नाही म्हणून पाइप लावला, तोही जुगाड. आणि अंदाजाने आवळलं, 'चालेल' म्हटलं, तोही जुगाड. पहिल्यात डोकं जास्त लागतं, दुसऱ्यात डोकं बंद करावं लागतं. पहिल्याचं कौतुक करता करता आपण दुसराही खपवून घेतो, ही माझी तक्रार आहे.

माझी हे बोलायची लायकी किती, तेही सांगतो.

रविवारी रात्री अकरा वाजले होते. बेल्ट बसला, टेन्शनर लावला. आता नियम असा, की स्टार्टर मारायचा नाही. क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. कुठे काही अडलं तर हाताला कळतं आणि थांबता येतं. स्टार्टरला ते कळत नाही. फिरवला. मामेभाऊ एकदम ओरडला, "दादा, बेल्टवरची खूण सरकली!" आजोबा हसले. बेल्टवरच्या नेलपॉलिशच्या खुणा दोन फेऱ्यांनंतर परत जागेवर येत नाहीतच, कारण बेल्टची लांबी वेगळी असते. त्या फक्त बसवताना उपयोगाच्या. बघायच्या त्या पुलीवरच्या आणि इंजिनाच्या अंगावरच्या, कंपनीने केलेल्या खुणा.

त्या बघितल्या. क्रँकची जुळली. कॅमची एक दात मागे.

चूक माझीच. बेल्ट चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला ढिलाई राहिली होती, टेन्शनर ताणल्यावर कॅम सरकला. आता एक दात म्हणजे किती? क्रँकच्या चाकाला समजा २० दात असतील तर ३६० भागिले २०, म्हणजे क्रँकचे १८ अंश. दिसायला बोटभरही नाही. मामा थकलेला, डासांनी फोडून काढलेलं, सकाळी सहाचा माल. तो म्हणाला, "चालू करून बघू या का? झाली तर झाली."

आणि खरं सांगू? माझ्याही तोंडात तेच होतं. 'चालेल.' शब्द ओठांवर आला होता.

गाडी बहुधा चालू झालीही असती. हेच तर वाईट आहे. एक दात चुकलेलं इंजिन पुष्कळदा चालतं, नुसतं ओढत नाही, धूर ओकतं, डिझेल पितं. आणि आता व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर किती उरलंय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तोवर मामा 'गाडीला आता वय झालं' म्हणत फिरत राहिला असता, आणि मी मुंबईत बसून बेल्ट बदलल्याच्या फुशारक्या मारल्या असत्या.

त्या क्षणी मला आमच्या ऑफिसातला एक शुक्रवार आठवला. रिलीज अडकलं होतं, कारण एक टेस्ट पास होत नव्हती. दोन आकड्यांत पैशांचा फरक येत होता, अगदी किरकोळ. मी ती टेस्ट बंद केली आणि रिलीज सोडलं. कुणीही ओरडलं नाही, उलट सगळे वेळेवर घरी गेले. तो फरक पुढे चार महिने साचत गेला आणि ज्यांच्या खात्यांत साचला, त्यांचे फोन घ्यायला मी नव्हतो. ते ऐकून घेतलं सपोर्टमधल्या दोन मुलींनी. टेस्ट बंद करणं हा जुगाड नव्हता. ती कॅमची खूण नेलपॉलिशने पुसून दुसरीकडे काढण्यासारखी गोष्ट होती.

मी आजोबांकडे बघितलं. ते काही उपदेश करणारे नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्याकडे १६० केलं होतं, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, अमेरिकन बनावटीच्या, प्रत्येकी २१० मेगावॉट. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून इंधन आणि मदत मिळणं अवघड झालं आणि इथल्या माणसांना कितीतरी गोष्टी स्वतःच्या स्वतः करून घ्याव्या लागल्या. पुढे सेकंडरी स्टीम जनरेटरच्या नळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. तेव्हा भट्ट्या २१० वर रेटल्या नाहीत, त्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. जेवढं सुरक्षितपणे झेपतं तेवढंच. दुरुस्तीला हत्यार नसेल तर बनवा, पण यंत्राला झेपत नसेल तर ते कागदावर मान्य करा आणि आकडा खाली आणा. ज्या गावात आपण मोठे झालो, तिथली ही गोष्ट मला चाळिशीला टेकल्यावर, तीही टेम्पोच्या सीटखाली डोकं घालून ऐकायला मिळाली!

बेल्ट परत काढला. मामा काही बोलला नाही, चहा टाकायला आत गेला. या वेळी आधी न ताणणारी बाजू पूर्ण ताठ करून घेतली, बेल्ट बोटांनीच चढवला. (स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवायचा नाही आणि घडीही घालायची नाही. आतले काचेच्या धाग्यांचे दोर तुटतात आणि ते दिसत नाहीत.) दोन फेरे हाताने. खुणा जुळल्या. अजून दोन फेरे. पुन्हा जुळल्या. पुलीचा बोल्ट ताणकाट्याने आवळला. रात्रीचा एक वाजला होता. मग बॅटरी जोडली आणि मामाने किल्ली फिरवली. हुश्श!

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढा उपद्व्याप घरी करायचाच कशाला? मेकॅनिक कशासाठी असतात? बरोबर आहे. बुधवारपर्यंत थांबता आलं असतं तर थांबायलाच हवं होतं. अनुभवी माणूस शेजारी नसता तर मी बेल्ट हातात धरून रडत बसलो असतो, हेही खरं. घरी करावं असा माझा आग्रह नाही. पण थांबणं परवडणारी माणसं आणि न परवडणारी माणसं, असे दोन गट आपल्याकडे आहेत, आणि दुसऱ्या गटाला जुगाडावाचून गत्यंतर नसतं. त्यांना 'जुगाड करू नका' म्हणणं हा शहाणपणा नाही. आणि 'वा, काय जुगाड!' म्हणून टाळ्या वाजवणं हाही नाही, कारण तो फसला की मोडतं त्यांचंच. त्यांना खरोखर उपयोगी पडेल ते म्हणजे टॉर्कचा आकडा, खुणा कुठे आहेत त्याचं चित्र, 'दोन फेरे हाताने फिरवा' ही एक ओळ. मॅन्युअलमधली ही दोन-चार पानं मराठीत आणि सहज मिळणारी असती, तर कितीतरी अंगणांतली कामं नीट झाली असती. हत्यारांचं लोक बघून घेतात. मासळीचा काटा घरोघरी आहे.

आणि आपल्यासारख्यांना, म्हणजे एसीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्यांना, तर 'चालेल' म्हणायची सक्ती कुणी केलेलीच नसते. आपला सोमवार सहाला माल भरत नाही.

परवा मामाचा फोन आला होता. गाडी चांगली ओढतेय म्हणाला. मामीने मात्र नेलपॉलिशच्या बाटलीची आठवण करून दिली. या शनिवारी घेऊन जायची आहे. रंग लालच, पण कुठला लाल, ते विचारायचं राहिलंय. :-)